देवीचा उजवा

“मारू नका त्याला! कासमभाई, तुम्हांला माझी शपथ आहे!”

ओरडणारी होती माझी बायको राजमती, आणि ‘तो’ म्हणजे तिला आत्ताच चावलेलं फुरसं. विहिरीकडेच्या चिऱ्यांच्या गडग्याशी ते वीतभर जनावर वेटोळं वेटोळ्यावर घासत खर्र खर्र आवाज करत बसलं होतं. आमचे घरमालक कासमभाई मुकादम काठी उगारून उभे होते. मी तिघांत सगळ्यांत लांब होतो आणि खरं सांगायचं तर एका पायावर उभा होतो, कारण दुसरा कुठं टेकवावा तेच मला कळत नव्हतं.

“बाय, इजा करणारं जनावर मारायची आमच्यात मोकळीक हाय,” कासमभाई म्हणाले.

“आमच्यात नाही,” राजमती घोटा दाबून धरत म्हणाली. “मी त्याच्या दारात पाय दिला. त्याचं काय चुकलं?”

कासमभाईंनी दातओठ खात काठी त्याच्या पोटाखाली घातली आणि त्याला गडग्यापलीकडे रानात भिरकावून दिलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, बायला चालवू नका. आणि रडू नका, ती बघतेय.”

मी शिरोळकडचा. आमचं घराणं जैन शेतकऱ्यांचं. नाव आदगोंडा, पण कोकणातल्या त्या गावात ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे नुसतं मास्तर म्हणत. शाळेवर रुजू झालो तेव्हा आमचं लग्न नवं होतं. राहायला जागा मिळाली ती कासमभाईंच्या घराला लागून. ते ऐकून माझ्या आईनं कपाळावर हात मारला होता. प्रत्यक्षात कासमभाईंनी पहिल्याच दिवशी विहीर दाखवून सांगितलं होतं, “तुमचा पोहरा निराळा ठेवा, बायच्या नेमाला बाध नको.”

राजमतीचे नेम कडक होते. पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं आणि फडक्यात जे बारीकसारीक जीव राहतील ते परत त्याच विहिरीत सोडायचे. याला जिवाणी म्हणतात. मी म्हणायचो, “ओत की परसात, कोण बघतंय?” ती नाही ओतायची. त्या श्रावणातल्या दुपारी पाऊस जरा उघडला म्हणून ती जिवाणी सोडायला गेली होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना घरी पोचवायला गेली आणि दिसणाऱ्यावर पाय पडला.

मी मुळातच भित्रा. कोकणात आल्यापासून तर पाल चुकचुकली तरी मी अंथरुणात उठून बसायचो. राजमती हसायची, म्हणायची, मास्तरांना मुलं घाबरतात आणि मास्तर झुरळाला घाबरतात. पण त्या दुपारी जी भीती माझ्या पोटात शिरली ती निराळीच होती.

“नागासारखं लगेच नाय होत काय,” कासमभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. “फुरसं रक्त पातळ करतं. आधी हिरड्यांतून येईल, मग नाकातून, मग... तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन हाय. आज पोचलो तर बाय वाचली.”

“मग चला ना!”

“कुठनं? साकव सकाळीच गेला वाहून.”

गाव आणि सडक यांच्यामध्ये एक ओढा होता. तिकडे त्याला पऱ्या म्हणतात. उन्हाळ्यात त्यात पाय भिजत नसत, आणि आता तो तांबडं पाणी घेऊन नदीसारखा धावत होता. ओलांडायला होता तो लाकडी साकव, तोही गेलेला.

कासमभाईंचा धंदा लाकडाचा. कुठलं झाड कुठं पडेल हे ते बुंध्याला हात लावून सांगत. त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं, कुऱ्हाड आणि करवत घेतली, वाडीतल्या चार माणसांना दोरखंड घेऊन बोलावलं आणि राजमतीला खुर्चीत बसवून खुर्चीच उचलायला लावली. आम्ही पऱ्याच्या काठाकाठानं वर चढत गेलो. जिथं दोन कातळांमध्ये पऱ्या अगदी अरुंद होतो तिथं ते थांबले. काठावर एक सरळसोट किंजळीचं झाड उभं होतं.

“हे आडवं पाडलं की झाला साकव,” ते म्हणाले.

“मग पाडा!” मी ओरडलो.

कुणीच हललं नाही. दोरखंडवाली माणसं झाडाकडे न बघता एकमेकांकडे बघू लागली.

“मास्तर, ही झोलाईची रहाटी हाय,” कासमभाई म्हणाले.

रहाटी म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान. तिथं कुऱ्हाड चालत नाही, एवढंच नव्हे तर खाली पडलेली वाळकी काडीसुद्धा चुलीत घालायला कुणी नेत नाही. आत दिवसाही अंधार असतो. मी शाळेत येता-जाता त्या रानाला वळसा घालून जायचो, अर्थात देवीपेक्षा सापांच्या धाकानं.

“तुम्ही तर मुसलमान,” मी म्हणालो. मला काय बोलतोय याचं भान नव्हतं. “तुम्हांला कसली देवी?”

कासमभाईंना राग आला नाही. त्यांनी किंजळीच्या ओल्या सालीवर तळवा ठेवला. “माझा वालिद सांगायचा, झाडंबी अल्लाचं नाव घेतात, उभ्यानं. आपल्याला आयकू येत नाय एवढंच. धंदा म्हणून तोडतो, पण तोडण्याआधी मालकाला विचारतो. हितली मालकीण ती हाय.” त्यांनी आतल्या अंधाराकडे मान वळवली. “तिच्या माणसानं व्हय म्हटलं की पहिला घाव माझा.”

“माड तोडून आणू, पोफळी आणू...”

“एवढ्या चिखलातनं ओढत आणायचा तर उद्याची दुपार होईल. तवर बाय थांबेल काय?”

तेवढ्यात देवीचा माणूस आलाच. भागोजी गुरव. रहाटीची पूजाअर्चा पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराकडे होती. उघडे, काळेसावळे, डोक्यावर इरलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, राजमतीच्या समोर उकिडवे बसले आणि तिला तोंड उघडायला सांगितलं. तिच्या खालच्या हिरडीवर रक्ताची बारीक रेघ होती.

“भागोजीबाबा,” मी हात जोडले. “एकच झाड.”

“एक काय नि शंभर काय,” ते म्हणाले. “आईनं नाय म्हटलं तर नाय. माझ्या आज्यानं एकदा तिला न विचारता फांदी तोडली होती. वरीस फिरायच्या आत चुलता गेला माझा. गुरवानं तिचा शब्द मोडला की गुरवाच्या घरातला जीव जातो. आणि माझा एकुलता एक शिवराम मुंबईला गिरणीत हाय.”

“अहो, पण...”

“ऐका माझं,” खुर्चीतून राजमती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “चातुर्मास चालू आहे. कोथिंबिरीची काडी मोडली नाही मी अजून, आणि माझ्यासाठी हिरवंगार झाड आडवं करायचं? त्यातही जीवच आहे. नको.”

“गप्प बस!” मी लग्नानंतर पहिल्यांदा तिच्यावर खेकसलो. “कोथिंबीर आणि तू एका तराजूत नाहीस!”

ती रडली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पदराला लागलेला लाल डाग मला दिसू नये म्हणून मुठीत धरला. मला तो दिसला.

भागोजींनाही तो दिसला असावा. ते उठले. “कौल लावू. आई सांगंल तसं. मास्तर, तुमी चला माझ्याबरोबर. गाऱ्हाणं ज्याचं त्यानं हजर पायजे.”

जाताना त्यांनी बांधावरच्या तेरड्याची दोन फुलं घेतली. हद्दीच्या दगडाशी त्यांनी मला चपला काढायला लावल्या. अनवाणी पायांनी, त्या रानात! प्रत्येक पानाखाली मला फुरसं दिसत होतं. वेली अंगाला घासत होत्या, वरून पानांतून टपटप पाणी गळत होतं, आणि पाठीमागून पऱ्याचा आवाज वाढतच होता. मी णमोकार मंत्र म्हणायला लागलो आणि दुसऱ्या ओळीवरच विसरलो. जन्मभर पाठ असलेला मंत्र!

देवी म्हणजे एका लहानशा घुमटीतला काळा, उभट पाषाण होता. डोळे चांदीचे. भागोजींनी तेरड्याच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवली.

“उजवी आधी पडली तर आईचा होकार,” ते म्हणाले. “डावी पडली तर नकार. मंग माझ्या पाया पडू नका.”

ते हात जोडून मोठ्यानं गाऱ्हाणं घालू लागले. “हे आई झोलाई, बारा वहिवाटीचे मायबाय, हा परमुलखातला लेकरू तुझ्या पायाशी आलाय. त्याची अस्तुरी पलीकडं न्यायची हाय. तुझ्या अंगणातला एक झाड मागतोय. देणार असशील तर उजवा दे, नसशील तर डावा दे.”

मी त्यांच्या शेजारी, देवीसमोर उभा होतो. पाकळ्या हलेनात. मी आयुष्यात पुष्कळदा घाबरलो आहे, पण एका ओल्या पाकळीला कुणी इतकं घाबरू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. मी माझ्या उजव्या हाताच्या पाकळीकडे टक लावून मनात म्हणत होतो, पड, पड, पड. जिनेंद्रांना, झोलाईला, कासमभाईंच्या अल्लाला, जो कुणी मोकळा असेल त्याला मी विनवत होतो.

आणि ती पडली. उजव्या हाताची!

“उजवा!” मी किंचाळलो. “बाबा, उजवा! देवी हो म्हणाली!”

मी रडत खाली बसलो आणि त्या पाषाणापुढे डोकं टेकलं. वर पाहिलं तर भागोजी अजून देवीकडेच बघत होते. मी त्यांचा दंड धरून हलवला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग परत देवीकडे. मग वाकून त्यांनी पाषाणाला कपाळ लावलं आणि पुटपुटले, “आई, जे काय असंल ते माझ्या पदरात घाल. दुसऱ्या कुणाच्या नको.”

हाही गाऱ्हाण्याचाच भाग असेल असं मला वाटलं.

“चला,” ते उठत म्हणाले. “कासमला सांगा, मार घाव म्हणावं.”

मी धावलो. साप, वेली, अंधार, काही दिसलं नाही. ओरडत ओरडतच बाहेर आलो. कासमभाईंनी “बिस्मिल्ला” म्हणून पहिला घाव घातला. झाड पडताना मोठ्यानं कण्हलं आणि सगळ्या माणसांनी, कासमभाईंनीसुद्धा, नजर खाली वळवली. भागोजी तेव्हा हद्दीच्या दगडापाशी पाठमोरे उभे होते.

त्या खोडावरून जाण्याची आठवण आजही मला अंथरुणातून उठवते. कासमभाईंनी राजमतीला पाठीवर घेऊन तिच्याच जुन्या लुगड्यानं बांधलं. माझी आई ते पाहायला नव्हती हे बरंच झालं. पुढे ते, मागे मी, दोन्ही पाय खोडाभोवती टाकून सरकत, खाली तांबडं पाणी खोडाला चाटत. मध्यावर राजमतीची मान कलंडली आणि तिच्या नाकातून रक्ताचा थेंब कासमभाईंच्या खांद्यावर पडला. मी हाक मारली, तिनं ओ दिली नाही.

“मास्तर, खाली बघू नका!” कासमभाई ओरडले. “माझ्या पाठीकडं बघा, ती श्वास घेतेय. मला लागतोय तिचा श्वास.”

पलीकडे सडकेवर चिऱ्यांचा ट्रक मिळाला. दिवेलागणीला आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं. राजमती वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, “ते फुरसं कुणी मारलं तर नाही ना?”

पुढच्याच सत्रात मी खटपट करून घाटावर बदली घेतली. इतकी घाई केली की भागोजींचे आभार मानायला थांबलो नाही. निघताना ते भेटले रहाटीच्या बाहेर, हद्दीच्या दगडावर बसलेले. मी लांबूनच हात जोडले.

त्यानंतर त्या गावात गेलो तो थेट निवृत्तीनंतर. राजमतीचाच हट्ट होता. कासमभाई अल्लाला प्यारे झाले होते. त्यांच्या मुलानं आम्हांला पऱ्यापर्यंत नेलं. आता तिथं सिमेंटचा पूल होता. जुनं खोड तसंच पाण्यात कुजत पडलं होतं, त्याची ढलपीसुद्धा कुणी घरी नेली नव्हती. काठावर नवी किंजळ चांगली उंच झाली होती. “आमच्या अब्बांनी लावली,” मुलगा म्हणाला. “देवीची जागा म्हणून कुदळ नेली नाय. हातानं माती उकरली.” राजमतीनं त्या झाडाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

हद्दीच्या दगडावर एक म्हातारा बसला होता. भागोजी! पार वाळून गेले होते, पण आम्हांला ओळखलं. राजमतीला म्हणाले, “बाय, जाड झालात. बरं वाटलं.”

“आत चला की आमच्याबरोबर, बाबा,” ती म्हणाली.

“गुडघं नाय चालत,” ते म्हणाले. “शिवराम हाय आत. आता पूजा तोच बघतो. जाऊन या.”

घुमटीपाशी शिवराम एका जोडप्यासाठी कौल लावत होता. म्हैस घ्यावी की नाही, असा त्यांचा प्रश्न. कासमभाईंच्या मुलानं त्याला आमची ओळख सांगितली. मी देवीसमोर उभा राहिलो. पाकळी पडली, माझ्या उजव्या हाताची.

“उजवा!” मी मोठ्यानं म्हणालो. “घ्या म्हैस!”

शिवराम हसला. ते जोडपंही हसलं. “मास्तर, डावा झाला,” शिवराम म्हणाला. “तुमचा उजवा काय कामाचा? देवी तुमच्याकडं तोंड करून उभी हाय. देवीचा उजवा बघायचा.”

मी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग देवीच्या दोन्ही खांद्यांकडे. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती फुरशाला पाहून वाटली नव्हती, पऱ्यावरही वाटली नव्हती. देवी नाही म्हणाली होती. तिनं स्पष्ट नाही म्हटलं होतं, आणि मी तिच्यासमोर नाचत ‘हो’ ‘हो’ ओरडलो होतो. आणि भागोजींनी ‘उजवा’ हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

“शिवराम, तुझे वडील आत कधीपासून येत नाहीत?”

“किंजळ पाडली त्या दिसापासनं. तेवा गुडघं चांगलं होतं त्यांचं. विचारलं तर ओरडतात. मला मुंबईसनं बोलावून घेतलं आणि पूजा माझ्या गळ्यात घातली. रोज फुलं दगडापर्यंत आणून देतात, तिथनंच हात जोडतात.”

मी बाहेर आलो. भागोजींच्या समोर मातीतच बसलो.

“बाबा, तो कौल डावा होता.”

“कळलं व्हय तुमास्नी,” ते म्हणाले.

“तुम्ही बोलला का नाही? तुमचा शिवराम...”

“तुमी उजवा उजवा करत रडत होतात. तिकडं बायच्या तोंडातनं रक्त येत होतं.” त्यांनी खांदे उडवले. “म्हटलं, आई नि मी, आमची वळख लहानपणापासनं. ती रुसली तर मी काढीन तिची समजूत. बाय गेली असती तर तुमची समजूत कोण काढणार होता?”

“मग? निघाली समजूत?”

“हितंच बसलोय की अजून.”

“कौल लावून विचारा ना तिला, आत येऊ का म्हणून!”

भागोजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण ते माझ्या ओळखीचं होतं. जन्मभर मी तेच घेऊन वावरलो होतो. “आणि नाय म्हणाली तर?” ते हळूच म्हणाले. “पोरगा धडधाकट हाय, नातवंडं हायत. ती गप हाय तवर मी गप हाय.”

मी उठलो. चपला दगडापाशी काढल्या आणि आत गेलो. शिवरामला म्हणालो, “कौल लाव. गाऱ्हाणं माझं आहे.” मग काय विचारायचं ते सांगितलं. “मास्तर, नको,” तो म्हणाला. “नकार आला तर म्हातारा दगडावरच जीव सोडंल.”

“लाव,” मी म्हणालो. राजमतीनं येऊन माझा हात धरला.

शिवरामनं पाकळ्या भिजवल्या, देवीच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या. मी पुढं झालो. गाऱ्हाण्याचे शब्द मला येत नव्हते, जसं सुचलं तसं बोललो. “आई, त्या दिवशी ओरडलो मी. चूक माझी होती, त्यांची नव्हे. ते इतकी वर्षं तुझ्या दारात बसून आहेत. आत येऊ दे त्यांना.”

पानांवरून पाणी गळत होतं. पाकळ्या हलेनात. राजमतीची नखं माझ्या तळव्यात रुतली. या वेळी मी कुठल्याच पाकळीला पड म्हणालो नाही. मला तेवढाही धीर नव्हता.

मग एक पाकळी सुटली, पाषाणावरून घसरत खाली आली आणि देवीच्या पायाशी पडली.

माझ्या डाव्या हाताची.